जाड दंड, बारीक रेघ : मराठी मथळ्याचे अक्षर कसे घडते

पनवेलहून उरणकडे जाताना जासई लागते. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे गाव. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी उभारलेल्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या साडेबारा टक्के विकसित जमिनीच्या धोरणाची पायवाट याच पट्ट्यातून निघाली. अशा गावाचे नाव मोठ्या, देखण्या अक्षरांत लिहिले जावे असे कुणालाही वाटेल. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर, प्रदर्शनाच्या फलकावर, पुस्तकाच्या शीर्षकपानावर ‘जासई’ हा शब्द एकटाच, भरपूर मोकळ्या जागेत उभा राहिला तर तो कसा दिसेल? या प्रकरणात हाच शब्द नमुन्याला घेऊ. नवा फॉन्ट तपासताना अक्षर घडवणारे असेच एक-दोन शब्द सतत समोर ठेवतात, आणि ‘जासई’ त्या कामाला फार योग्य आहे. त्यात ओळीने तीन दंड, म्हणजे उभ्या रेघा, आहेत, एक अक्षर दंडाविना लोंबणारे आहे, आणि एक खूण शिरोरेषेच्या वर चढलेली आहे.

ज्या अक्षरांबद्दल बोलायचे आहे ती सर्वांनी पाहिलेली असतात. दागिन्यांच्या जाहिराती, अत्तरांच्या कुप्या, फॅशनची मासिके यांवरची इंग्रजी अक्षरे आठवा. उभी रेघ भरदार आणि आडवी रेघ केसाइतकी बारीक. जाड आणि बारीक यांतला हा मोठा फरक हेच त्या अक्षरांचे सौंदर्य. देवनागरीत असे अक्षर घडवता येते का, आणि घडवायचे तर कशाच्या आधारे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

युरोपात हा फरक कुठून आला

रोमन अक्षरांत जाड-बारीक फरक पहिल्यापासून होता, कारण ती रुंद टोकाच्या लेखणीने लिहिली जात. पण तो बेताचा होता. अठराव्या शतकात बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी तो वाढवायला सुरुवात केली. १७५७ मध्ये त्यांनी व्हर्जिलचे काव्य छापले तेव्हा अक्षरांइतकाच विचार कागदाचा आणि शाईचाही केला. कागद गुळगुळीत असल्याशिवाय बारीक रेघ कागदावर नीट उमटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे पॅरिसमध्ये फर्मँ दिदो यांनी १७८४ च्या सुमारास आणि इटलीतील पार्मा इथे जाम्बातिस्ता बोदोनी यांनी हा फरक टोकाला नेला. बोदोनी १७६८ पासून पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळत होते. त्यांच्या अक्षरांचा मोठा नमुनाग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८१८ मध्ये, त्यांच्या पत्नीने प्रसिद्ध केला.

या बदलामागे हत्यारही होते. तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे कारागीर आणि टोकदार, लवचिक निबाने लिहिणारे लेखक यांच्या हातून रेघ दाब दिला की फुगते आणि दाब काढला की केसासारखी होते. खाली येणारी उभी रेघ जाड, आडवी आणि वर जाणारी रेघ बारीक. दिदो आणि बोदोनी यांनी हेच तत्त्व पोलादात उतरवले. विसाव्या शतकात फॅशनच्या मासिकांनी ही अक्षरे आपली केली. ‘व्होग’चे नाव आणि ‘हार्पर्स बझार’ची पाने यांमुळे ती ऐश्वर्याची खूण बनली. ‘हार्पर्स बझार’साठी अमेरिकेत १९९१ मध्ये घडवलेल्या दिदो वळणाच्या संचात तर सात वेगवेगळ्या आकारमानांसाठी सात वेगळी रेखाटने केली होती. त्यामागचे कारण पुढे गणितातून स्पष्ट होईल.

बोरूचा काप उलटा

आता आपल्याकडे येऊ. देवनागरीचे वळण बोरू या लेखणीने घडले. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते आणि हा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूला झुकतो. परिणाम सोपा आहे. वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी तिरपी रेघ जाड पडते. वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी बारीक पडते. उभ्या आणि आडव्या रेघेला मात्र जवळपास सारखीच जाडी मिळते, कारण टोक दोन्हींच्या मधोमध कललेले असते.

हे पडताळायचे असेल तर ‘व’ची पोकळी पाहा. जुन्या वळणाच्या कुठल्याही मराठी अक्षरात ती पोकळी वर डावीकडे आणि खाली उजवीकडे जाड दिसेल, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक. रुंद लेखणीने काढलेल्या रोमन ‘ओ’मध्ये हेच नेमके उलटे असते. म्हणजे देवनागरीत जाड-बारीक फरक होताच आणि चांगला ठसठशीत होता. फक्त तो तिरप्या अंगाने चालतो. बोदोनीच्या अक्षरांत तो उभ्या-आडव्या अंगाने चालतो. दोन्ही लिप्यांच्या सौंदर्याचा पाया इथे वेगळा होतो. बोदोनीचा नियम उचलून देवनागरीवर ठेवणे इतके अवघड का जाते, त्याचे मूळही इथेच आहे.

शिशाच्या खिळ्यांची मर्यादा

मुंबईत मराठी छपाई उभी राहिली तेव्हा बारीक रेघेच्या वाटेत आणखी एक अडचण आली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. दगडावर लेखकाच्या हातचे वळण जवळपास जसेच्या तसे उतरते, त्यामुळे तिथे बारीक रेघेला जागा होती. पण सुट्या खिळ्यांच्या छपाईची गोष्ट वेगळी. आधी पोलादाच्या दांड्यावर उलटे अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळा पाडायचा. तो खिळा हजारो वेळा दाबाखाली जातो. रोमन अक्षराच्या वर-खाली सहसा वेगळी चिन्हे नसतात. देवनागरीत मात्रा, वेलांटी, उकार, रफार हे सगळे अक्षराच्या अंगाबाहेर पसरतात. धातूतला असा बारीक, लोंबता भाग सर्वांत आधी झिजतो किंवा तुटतो.

या अडचणीतून ज्यांनी वाट काढली त्यांत जावजी दादाजी चौधरी यांचे नाव पहिले. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागलेल्या जावजींनी १८६४ मध्ये मुंबईत स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्यासाठी अक्षरे कोरणारे राणोजी रावजी आरू हे असामान्य कारागीर होते. निर्णयसागरची संस्कृत आणि मराठी पुस्तके आजही डोळ्यांना सुखावतात. त्या अक्षरांत बोरूचा तिरपा डौल आहे, पोकळ्या मोकळ्या आहेत आणि जाड-बारीक फरक तुटणार नाही इतपत राखलेला आहे. तो संयम धातूने शिकवला. पण मजकुराला तोच योग्य असल्याने पिढ्यान्पिढ्या मराठी वाचकाची नजर त्यावर घडली.

बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांचा सखोल अभ्यास करून लिहिलेला मोठा ग्रंथ १९७१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. शासकीय मुद्रणालयांचा कारभार पाहिलेल्या या अधिकाऱ्याने लिपीकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिले. मराठी अक्षराचा विचार करणाऱ्याला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

मथळा हाताने काढला जात असे

मजकुराला खिळे होते, पण मथळ्याचे काय? ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि मराठीला सजावटीच्या मोठ्या अक्षरांची कायमची गरज लागली. ती गरज चित्रकारांनी आणि अक्षरलेखकांनी ब्रशने भागवली. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांच्या मुखपृष्ठांमुळे दिवाळी अंक घरोघर जपले गेले, आणि चित्राइतकीच अंकाच्या नावाची अक्षरेही लोकांच्या ओळखीची झाली.

नाटकांच्या जाहिरातींत हे काम कमल शेडगे यांनी अनेक दशके केले. वर्तमानपत्रातल्या चार बोटांच्या जागेत नाटकाचे नाव असे बसवायचे की नाटकाची जात कळावी, यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. शोकांतिकेच्या नावाला वेगळे वजन, प्रहसनाच्या नावाला वेगळी उडी. त्यांच्या अक्षरांत जाड आणि बारीक रेघ अर्थासाठी येते. हाताने काढलेल्या मथळ्याला एक मोठी सवलत असते. समोर चारच अक्षरे असतात आणि ती एकमेकांसाठी घडवता येतात. ‘जासई’ लिहिताना ‘ज’चा हात किती लांबवायचा हे शेजारच्या कान्याकडे पाहून ठरवता येते. फॉन्टमधल्या ‘ज’ला मात्र शेजारी कोण येणार हे ठाऊक नसते. त्याला सगळ्यांशी जमवून घ्यावे लागते.

ही हाताची परंपरा संपलेली नाही. अच्युत पालव यांनी नवी मुंबईत सुलेखनाची शाळा चालवली आणि हजारो विद्यार्थ्यांच्या हाती बोरू व रुंद ब्रश दिला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जासईपासून ही शाळा फार दूर नाही. आणि संगणकाच्या पडद्यावर देवनागरी सर्वांना सहज वाचता आली त्यात र. कृ. जोशी यांचा वाटा मोठा. मुंबईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या या कवी-सुलेखनकाराने घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघर पोहोचला.

शिरोरेषेचे काय करायचे?

आता नमुन्याचा शब्द पुढे घेऊ. ‘जासई’वर बोदोनीचा नियम सरळ लावून पाहा : उभे ते जाड, आडवे ते बारीक. ‘ज’चा दंड, काना आणि ‘स’चा दंड हे तीन भरदार खांब होतात. शिरोरेषा आडवी, म्हणून ती केसाएवढी. ‘ज’चा आडवा हात आणि ‘स’ला दंडाशी जोडणारी रेघ, याही आडव्या, म्हणून त्याही बारीक. जवळून पाहिले तर शब्द नाजूक दिसतो. दहा पावले मागे जा, म्हणजे बारीक रेघा विरतात आणि तीन काळे खांब उरतात. ‘ज’ची ओळख त्याच्या हातात आहे आणि ‘स’ची त्या जोडरेघेत. त्या गेल्या की अक्षर गेले. ‘ई’ला तर पूर्ण दंडच नाही. ती शिरोरेषेला लोंबते, आणि शिरोरेषाच विरली तर ती अधांतरी राहते.

मराठी शब्दाला एकत्र बांधणारी गोष्ट शिरोरेषा आहे. आपण वाचताना शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे तिच्यावरून ओळखतो. तोरणाच्या दोरीत पाने ओवावीत तशी अक्षरे तिच्यात ओवलेली असतात. दोरी किती बारीक चालेल हे पानांच्या वजनावर ठरते. म्हणून देवनागरीत जाड-बारीक फरकाचे अक्षर घडवणाऱ्यापुढचा पहिला आणि शेवटचा प्रश्न शिरोरेषेच्या जाडीचा असतो.

यावर तीन वाटा आहेत. पहिली वाट शिरोरेषा बारीक ठेवण्याची, पण अक्षरांच्या आतल्या महत्त्वाच्या रेघांना जाडी देण्याची. मग ‘ज’चा हात त्याच्या वळणात फुगतो, ‘स’ची जोडरेघ थोडी भरते आणि खांबांचा एकसुरीपणा मोडतो. दुसरी वाट शिरोरेषा मध्यम जाड ठेवून फरक फक्त वाटोळ्या भागांत आणि गाठींत दाखवण्याची. हा बोरूचा जुना मार्ग. यात फरक टोकाचा होत नाही, पण शब्द भक्कम राहतो. तिसरी वाट बोरूचा तिरपा अक्ष कायम ठेवून फरक वाढवण्याची. जाड तिरप्या रेघा अधिक जाड, बारीक तिरप्या रेघा केसाएवढ्या, दंड आणि शिरोरेषा मधल्या वजनाच्या, त्यातही शिरोरेषा दंडापेक्षा किंचित हलकी. या वाटेने गेलेले अक्षर ऐश्वर्यवान दिसते आणि त्याचे कूळही आपलेच राहते. माझे मत या तिसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. इंग्रजी मासिकाचा पोशाख देवनागरीला चढवण्यात कौशल्य आहे. पण बोरूनेच जो फरक दिला तो मोठा करून दाखवण्यात लिपीची जाण आहे.

आकाराचे गणित

अशी अक्षरे मोठ्या आकारातच का वापरायची, हे आकड्यांनी समजून घेऊ. फॉन्ट घडवताना अक्षराची पूर्ण उंची बहुधा १,००० भागांत मोजतात. समजा दंडाची जाडी १६० भाग आणि सर्वांत बारीक रेघ २० भाग. म्हणजे जाड रेघ बारीक रेघेच्या आठपट. हे अक्षर ७२ पॉइंटात छापले तर बारीक रेघ सुमारे अर्धा मिलिमीटर येते. मुखपृष्ठावर ती सुरेख दिसते. तेच अक्षर १० पॉइंटात छापले तर बारीक रेघ ०.०७ मिलिमीटर राहते. इतकी रेघ छपाईत हमखास दगा देते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर असेल तर भोवतालची शाई पसरून ती बुजवते. मोबाइलच्या पडद्यावर १६ पिक्सेलच्या अक्षरात तीच रेघ एका पिक्सेलच्या एक-तृतीयांशाइतकी होते आणि करडी, धुरकट दिसते.

देवनागरीत हा त्रास अधिक, कारण उंचीचा बराचसा भाग वरच्या मात्रांसाठी आणि खालच्या उकारांसाठी राखावा लागतो. मूळ अक्षराला उरलेली उंची मिळते. त्यामुळे त्याच पॉइंटात मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसते आणि त्यातल्या पोकळ्या लवकर भरतात. बारीक रेघ लहान आकारात टिकत नाही, हेच ‘हार्पर्स बझार’च्या सात रेखाटनांचे कारण. लहान आकारासाठी बारीक रेघ जाड करावी लागते, मोठ्या आकारासाठी ती पुन्हा हलकी करावी लागते. एकच रेखाटन ताणून सगळीकडे चालत नाही.

मराठीची खास कसोटी

हिंदीसाठी घडवलेला देखणा फॉन्ट मराठीत कधीकधी तोकडा का पडतो, तेही पाहायला हवे. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि तिची वळणे निश्चित केली. ‘ळ’ मराठीत पदोपदी येतो आणि त्याच्या दोन पोकळ्यांत जाड-बारीकचा तोल साधणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांनी’, ‘वऱ्हाड’ या शब्दांतला अर्धा र हा बारीक वक्र असतो. फार बारीक केला तर ‘दऱ्या’ आणि ‘दया’ यांत फरक राहणार नाही. ‘ॲ’ आणि ‘ऑ’वरचा चंद्रही असाच. आणि ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ घ्या. एकमेकांना जोडलेली तीन व्यंजने, मध्ये अगदी थोडी जागा. तिथे जाड रेघेला जागा उरत नाही आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. चांगला कारागीर अशा जोडाक्षरात फरक मुद्दाम कमी करतो, आणि वाचकाला ते जाणवू देत नाही.

आज हाताशी काय आहे

मजकुरासाठी मराठीत आज चांगले फॉन्ट मुबलक आहेत. मथळ्यासाठी निवड थोडी, पण ती वाढते आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांचा, फार मोठ्या जाड-बारीक फरकाचा फॉन्ट २०१४ पासून सर्वांना मोफत मिळतो; तो मथळे आणि भित्तिपत्रके अशा मोठ्या आकारासाठीच घडवला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने वेगळी टोके तपासली. त्यांच्या ‘मोदक’मध्ये अक्षरे इतकी जाड आहेत की पोकळ्यांच्या फक्त रेघा उरतात, आणि ‘जैनी’मध्ये कल्पसूत्राच्या जैन पोथ्यांतले वळण संगणकात आले आहे. पोथीचे वळण पडद्यावर आणता येते हे ‘जैनी’ने दाखवले. निर्णयसागरच्या तिरप्या डौलाचा, मोठ्या फरकाचा, खास मराठी मथळ्यासाठी घडवलेला फॉन्ट ही त्यापुढची पायरी व्हायला हवी.

वाचकाला इथे करण्यासारखे बरेच आहे. स्मरणिका, लग्नपत्रिका, गावाच्या वाचनालयाचा फलक, दिवाळी अंक यांपैकी काहीही हातात आले तर फॉन्ट निवडण्याआधी आपल्या गावाचे नाव त्यात मोठे लिहून पाहा. दहा पावले मागे जा. प्रत्येक अक्षराची ओळख टिकते का, शिरोरेषा शब्दाला धरून ठेवते का, ‘ळ’, ‘ल’, ‘श’ आणि अर्धा र मराठी वळणाचे आहेत का, हे तपासा. मजकूर साध्या अक्षरात ठेवा आणि हे अक्षर फक्त मथळ्याला द्या. सुलेखनकाराकडून शीर्षक काढून घेतलेत तर त्याला त्याचा मोबदला द्या आणि त्याचे नाव छापा. जाड दंड आणि बारीक रेघ यांचा मेळ शिरोरेषा सांभाळून साधला, तरच ते अक्षर मराठी मथळ्याला शोभते.